फियाटच्या ब्रेकला रंग: अमळनेरच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1984 ची. कागदावर पद्मिनी, पण घरात आणि गल्लीत तिला फियाटच म्हणतात. काकांनी वापरली, मग आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली, आता माझ्याकडे आहे. इंजिन चालू होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा आणि त्याला आतून दाबणारे दोन अर्धगोल शू, आणि चारही गंजलेले. शाळेला सुट्टी लागतेय, तेवढ्यात गंज काढून त्यांना रंग द्यायचं उरकायचं.

27 एप्रिल 2024, शनिवार

सकाळची शाळा आटोपून दुपारी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, हा या घरातला एकमेव न मोडलेला नियम.

पुढचे दोन्ही ड्रम हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी निघाले. मागचा डावा काही केल्या हलेना. वर्षानुवर्षं शू घासून ड्रमच्या आतल्या तोंडाशी एक कड तयार होते, शू त्या कडेला अडकतात. अ‍ॅडजस्टर मागे घेऊन शू आत ओढल्यावर ड्रम दहा मिनिटांत हातात आला. त्याआधी दीड तास मी त्याला नुसता बडवत होतो.

आत पाहिलं आणि रंगाचा उत्साह निम्मा झाला. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरमधून, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्यातून, ऑइल पाझरून शूवरचा घासणारा लायनर चिंब झालेला, हे सगळं जिच्यावर बसतं त्या बॅक प्लेटवर काळा चिखल. मागच्या दिवाळीत मी याच प्लेटला बाहेरून साधा एनॅमल मारून मिरवलं होतं. तो एनॅमल आता सायीसारखा सुरकुतून बोटाबरोबर निघाला. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. डॉट 3 आणि डॉट 4 हे त्याचे नेहमीचे दोन्ही प्रकार ग्लायकॉल जातीचे द्रव, रंग उतरवायला थिनरच्या तोडीस तोड.

म्हणजे आधी गळती, मग गंज, रंग सगळ्यात शेवटी. दिवाळीत हा क्रम मी बरोबर उलटा केला होता.

28 एप्रिल, रविवार

ड्रममधली धूळ. शेजारचा पोरगा कंप्रेसरची नळी घेऊन हजर, "सर, एक फुंकर मारतो." त्याला जवळजवळ ओरडूनच थांबवलं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि या गाडीतले लायनर किती जुने हे काकांनाही आठवत नाही. साबणाचं पाणी फवारून धूळ ओली केली, चिंध्यांनी पुसली, चिंध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद. हवेची नळी आज भिंतीवरच.

गंजाला काय करायचं? ग्राइंडरवर वायर ब्रश लावून अर्धी प्लेट घासली. पत्रा चमकला, पण दाबून काढलेल्या खाचाखोचांत गंज तसाच. म्हणून मळीचा जुना उपाय करायचं ठरवलं. पशुखाद्याच्या दुकानात उसाची मळी मिळाली. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, जुन्या निळ्या पिंपात. मळी गंज सावकाश विरघळवते, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही. मात्र अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात टाकायचा नाही, तो खाल्ला जातो. थंड प्रदेशात याला तीन-तीन आठवडे लागतात म्हणे. आपल्या शेडमधलं पाणी दुपारी आंघोळीला चालेल इतकं तापतं. उन्हाळ्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

चार ड्रम, चार बॅक प्लेटा पिंपात बुडवल्या. आईने पिंप विहिरीच्या पलीकडे हलवायला लावलं. वास अजून आलेलाही नव्हता, पण तिला अंदाज होता.

2 मे, गुरुवार

शू घेऊन जळगावला. लायनर काढून नवे चिकटवून देणारे कारागीर अजून टिकून आहेत, ट्रकवाल्यांच्या कृपेने. "अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलाच द्या," असं दोनदा सांगितलं. त्यांनी पाकीट दाखवलं, मग विश्वास बसला. व्हील सिलिंडर सगळे नवे घेतले. जुन्यांच्या आत नखाला लागतील असे खड्डे पडले होते, आणि अशा सिलिंडरमध्ये नवी रबरं घालणं म्हणजे फाटक्या बनियनवर इस्त्री.

पद्मिनीचं सामान अजून मिळतं, ते मुंबईच्या टॅक्सीमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या 2000 च्या सुमाराला यायच्या बंद झाल्या, पण काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता हे सुटे भाग किती वर्षं मिळतील, याची मला रंगापेक्षा जास्त काळजी आहे. एक सिलिंडर जास्तीचा घेऊन ठेवला.

रंगाच्या दुकानात शिरलो तर मालकाने न विचारता रेड ऑक्साइडचा डबा पुढे सरकवला. खिडकीच्या गजांना उत्तम आहे तो. मी घेतलं ते असं: बॅक प्लेटांना टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर आणि टू-पॅक काळा, अर्धी चमक असलेला. ड्रमना उष्णतारोधक काळा, सिलिकॉनचा. ड्रमला इपॉक्सी मारून वर उष्णतारोधक रंग द्यायचा नाही, कारण खालचा इपॉक्सीच आधी तापून मऊ पडेल. ड्रमला रंग थेट उघड्या बिडावर.

भाच्याचा धुळ्याहून फोन. "मामा, लाल मार ना, नवीन गाड्यांना असतो तसा!" त्याला म्हटलं, बाळा, त्या गाड्यांना जाळीदार चाकं आणि डिस्क असतात. आपल्याला पत्र्याचं चाक, वर चकचकीत टोपी. लाल मारला काय, जांभळा मारला काय, दिसणार कोणाला? तो म्हणाला, "आपल्याला माहीत असेल ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

5 मे, रविवार

आज एकही भाग रंगवला नाही, तरी या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगाचा दिवस हाच. प्रयोगशाळेची सवय, दुसरं काय.

पत्र्याचे चार तुकडे काल रंगवून ठेवले होते. पहिल्याला घरातला एनॅमल, दुसऱ्याला टू-पॅक काळा, तिसऱ्याला उष्णतारोधक रंग नुसता हवेवर वाळवलेला, चौथ्याला तोच रंग, पण हीट गनने बराच वेळ भाजलेला. प्रत्येकावर डॉट 3 चे दोन थेंब टाकून रात्रभर सोडले.

सकाळी एनॅमल फुगून उचललेला, दिवाळीची पुनरावृत्ती. हवेवर वाळलेला उष्णतारोधक रंग चिंधीबरोबर सरळ पुसला गेला, खाली पत्रा. हा मला धक्काच होता, कारण डब्यावर सहाशे अंश वगैरे मोठ्या अक्षरांत छापलंय. सहाशे अंश सोसेल, पण आधी एकदा नीट भाजला तर. न भाजलेला सिलिकॉन रंग कच्चा असतो. भाजलेला तुकडा जरा निस्तेज झाला, पण रंग धरून होता. टू-पॅकला फक्त एक फिकट डाग.

म्हणजे ड्रम भाजावे लागणार. कुठे, हा प्रश्न. ओळखीच्या बेकरीवाल्याला भट्टीबद्दल विचारलं. त्याने मला ज्या नजरेने पाहिलं, ती योग्यच होती. अन्नाच्या भट्टीत रंग भाजायचा विचार डोक्यात आला याची लाज नोंदवून ठेवतो.

9 मे, गुरुवार

अकरा दिवसांनी पिंप उघडलं. वर करडा फेस, वास असा की गल्लीतलं कुत्रंही वाट बदलून गेलं. पण भाग बाहेर काढून पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि गंज काळ्या गाळासारखा वाहून गेला. बॅक प्लेटवर काकांच्याही आधीचे ठसे, कारखान्यात उमटवलेले आकडे दिसायला लागले.

खरी गडबड इथून पुढे. उघडं लोखंड ओलं राहिलं की दहा मिनिटांत केशरी झाक चढते. सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच कोरड्या फडक्याने पुसलं आणि उन्हात पत्र्यावर मांडलं. शेडबाहेरचा काटा 43 दाखवत होता. वाळायला वेळ लागला नाही, उचलायला मात्र हातमोजे लागले.

संध्याकाळी ड्रम लेथवर. आतली बाजू फक्त एकसारखी चमक येईपर्यंत घासून घेतली. आधी व्हर्नियरने मापून घेतलं, कारण ड्रम जितका पातळ तितका तो लवकर तापतो.

10 मे, शुक्रवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

काम बंद. ताई भाच्याला घेऊन धुळ्याहून आली. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या. दुपारी निंबाला झोका.

ताईने येताना तिचा बिघडलेला छोटा ओव्हन आणला, "भंगारात देणार होते, तुझ्या कामाचा असला तर बघ." वरची कॉइल गेलेली, खालची शाबूत. आतून मोजला, एक ड्रम आरामात मावतो. आईने तिथल्या तिथे ब्रशने त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: खाण्यासाठी नाही. ओव्हनचा मुक्काम आता कायमचा शेडमध्ये.

11 मे, शनिवार

पहाटे साडेपाचला उठून मास्किंग. ब्रेक रंगवण्यातलं निम्मं काम कुठे रंग लागू द्यायचा नाही हे ठरवण्यात जातं, आणि मला तर वाटतं निम्म्याहून जास्तच.

ड्रमची आतली घासायची बाजू, ही तर उघड गोष्ट. पण ड्रम हबवर टेकतो तो सपाट भाग आणि चाक ड्रमवर टेकतं तो भाग, हे दोन्हीही कोरे हवेत. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दाबाखाली बसतो, चाकाचे बोल्ट सैल पडतात. चकचकीत ड्रम लावून चाक डगडगायला लागलं तर काय उपयोग. बॅक प्लेटवर शूची कड जिथे घासत सरकते ते उंचवटे असतात, तेही कोरे. तिथे पुढे जास्त तापमानाचं ग्रीस लागेल, तेही नखावर मावेल एवढंच. सिलिंडर बसण्याची जागा कोरी. आट्यांची सगळी भोकं बंद.

मास्किंगला पुठ्ठा पाहिजे होता. लग्नसराईचे दिवस, घरात पत्रिकांचा ढीग. जाड, गुळगुळीत, कंपासने गोल कापायला उत्तम. आट्यांच्या भोकांत कागदाच्या गुंडाळ्या. मागच्या एका ड्रमच्या मधोमध "आमच्या येथे श्रीकृपेकरून" असं उलटं दिसत होतं.

नाना मिस्तरी दूध घेऊन जाताना दारात थांबले. नानांनी अमळनेरातल्या निम्म्या जुन्या गाड्यांचे ब्रेक हाताळलेत. बराच वेळ बघत राहिले, मग अहिराणीत म्हणाले, "काय भो, ब्रेकले रंग दी ऱ्हायना का नवरदेवले हयद (हळद) लाई ऱ्हायना?"

सात वाजता बॅक प्लेटांवर इपॉक्सीचा हात मारला. तोंडाला कार्बनचा, कारखान्यात वापरतात तसला मास्क. टू-पॅक रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, रुमाल बांधून भागत नाही. शेडची दोन्ही दारं उघडी.

12 आणि 13 मे

निवडणुकीची ड्यूटी. मतदान यंत्रं आणि पिशव्या घेऊन दुसऱ्या तालुक्यात. सोमवारी दिवसभर लोकांच्या डाव्या तर्जनीवर शाईची रेघ ओढली, नखावर आणि कातडीवर, मास्किंग टेपशिवाय. रात्री उशिरा घरी. माझ्या बोटाला सांडलेली शाई थिनरने काढून पाहिली, जाईना. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीतच बसतं. असा रंग ब्रेकला मिळाला असता तर!

14 मे, मंगळवार

इपॉक्सीवर पुढचा हात ठराविक वेळेच्या आत मारला तर दोन्ही थर एकजीव होतात. ड्यूटीमुळे ती वेळ टळून गेली. म्हणून बॅक प्लेटा बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून निस्तेज केल्या, नाहीतर वरचा रंग सालपटासारखा निघेल.

घासण्यात, पुसण्यात अकरा वाजले. "आता एवढं केलंय तर काळा मारूनच टाकू," हा विचार. गन आणि प्लेटमध्ये हातभर अंतर नसेल, तरी थिनर हवेतच उडून जात होता. रंगाचे कण ओले पोचायच्या आत वाळत होते. निकाल: तीन प्लेटा पॉलिश पेपरसारख्या खरखरीत. चौथीवर सरसावलो तेवढ्यात लाईट गेली. कंप्रेसर थांबला, आणि त्यामुळे एक प्लेट वाचली. वीज मंडळाचे आभार मानायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली.

15 मे, बुधवार

तिन्ही प्लेटा घासून पुन्हा सपाट. पहाटे साडेपाचला, अंगणात पाणी शिंपून धूळ बसवून, सावकाश वाळणारा थिनर घालून दोन पातळ हात. आरशासारखं म्हणणार नाही, पण पाणी ओतलं तर सरकून जाईल असं. खानदेशात मे महिन्यात रंगकाम करायचं तर सूर्य डोकं वर काढायच्या आत. शेतकऱ्यांना हे कोणी सांगावं लागत नाही, मास्तरांना लागतं.

त्याच वेळी ड्रमही उरकले. स्पिरिटने पुसून थेट काळा, दोन पातळ हात. जाड मारला की भाजताना फोड येतात.

17 व 18 मे

ओव्हन. डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवायचं, अर्धा तास नव्वदवर, अर्धा तास दीडशेवर, मग दोनशेवर. कॉइल एकच, म्हणून मध्ये ड्रम उलटा केला. ओव्हन अंगणात, कारण पहिल्या तासात धूर आणि घाण वास येतो. दोन दिवसांत चार ड्रम. तिसऱ्याच्या वेळी लाईट दोनदा गेली. तो सुरुवातीपासून पुन्हा भाजला.

भाच्याने रोज संध्याकाळी नखाने खरवडून तपासणी केली. रंग नखाला दाद देत नव्हता.

19 मे, रविवार

अमळनेरचे संत सखाराम महाराज यांचा रथ. बोरी नदीच्या पात्रातली यात्रा, भाचा पाळण्यातून उतरायला तयार नाही. ब्रेक हा शब्द दिवसभर कोणी उच्चारला नाही. फक्त रथ थांबवायला चाकाखाली मोगरी सारणारे लोक मी जरा जास्तच निरखून पाहिले.

21 मे, मंगळवार

जुळणी. मास्किंग काढलं. दोन ठिकाणी रंग पुठ्ठ्याखाली शिरला होता, तो ब्लेडने खरवडून कोरा केला. बॅक प्लेटा, नवे सिलिंडर, शू, स्प्रिंगा. सिलिंडर पुसायला भाच्याने रॉकेलची वाटी आणली होती, ती परत पाठवली. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यातलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की रबर फुगतं. तिथे स्पिरिट, नाहीतर ब्रेक ऑइलच. नव्या सिलिंडरना रंग मारायचा मोह झाला होता, मारला नाही. रबरी टोपी आणि हवा काढायचं निपल यांच्यामध्ये रंगवायला जागा उरते किती?

ड्रम चढवण्याआधी आतली बाजू पुन्हा स्पिरिटने पुसली. लेथवाल्याच्या हाताचं तेल असतंच.

22 मे, बुधवार

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं. पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात दूरचं चाक आधी, मग जवळजवळ येत. भाचा पॅडलवर, मी खाली. "दाब. धरून ठेव. सोड." निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. सीलबंद नवा डबा, कारण हे द्रव हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. कोरडं डॉट 3 किमान 205 अंशाला उकळतं, ओल धरलेल्याला 140 चीच हमी. उताराला ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जातं.

तिसऱ्या चाकाशी भाचा म्हणाला, "मामा, पाय दगडावर ठेवल्यासारखं वाटतंय आता." यापेक्षा चांगलं मोजमाप माझ्याकडे नव्हतं.

निपलमधून सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुतले. बॅक प्लेटचा रंग जागच्या जागी.

25 मे, शनिवार

मोकळ्या मैदानात. ताशी चाळीसपर्यंत नेऊन मध्यम ब्रेक, मग ड्रम थंड व्हायला एक फेरी, असं पंचवीस वेळा. नवे लायनर ड्रमशी जुळायला एवढं लागतंच. पहिल्या सात-आठ वेळा गाडी डावीकडे ओढत होती, मग सरळ थांबायला लागली.

2 जून, रविवार

पहाटे निघालो. पारोळा, भडगाव, चाळीसगाव, आणि कन्नडचा घाट चढून वर. या घाटाला औट्रम घाट म्हणतात, ज्या जेम्स औट्रमने 1825 नंतर खानदेशात भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण उभी केली त्याच्या नावावरून. सोबत नाना. "आते उतारवर दखू," एवढंच म्हणून ते बसले होते.

उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. अर्ध्यात पॅडल किंचित लांबलं, पण पाया होता. खाली सपाटीला थांबून चारही चाकं तपासली. शाळेतली कोरोनाच्या वेळची तापमान मोजायची बंदूक आणली होती. ती माणसांसाठी, ड्रमसमोर धरल्यावर नुसतीच ओरडली. मग नानांनी बोट पाण्यात बुडवून चाकाच्या भोकातून एकेक थेंब टाकला. तीन ड्रमवर थेंब हळूच वाळला. मागच्या उजव्यावर चर्र झालं.

चाक थंड होईपर्यंत थांबलो, मग फिरवून पाहिलं. शू जरा घासत होता, मीच अ‍ॅडजस्टर जास्त आवळला होता. एक खाच ढिला केला. टोपी काढून रंग पाहिला. काळा, एकही फोड नाही, मागच्या उजव्यावरही नाही. नानांनी बोट फिरवलं, बोट स्वच्छ. काही बोलले नाहीत, चहाच्या टपरीकडे चालायला लागले.

भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: "लाल असता तर फोटोत दिसला असता."

पुढचं काम: मास्टर सिलिंडरच्या नळीचा मागचा तुकडा, तिथे अजून जुनाच गंज आहे. जुलैच्या आत.